घरी सोडतानाचे वजनही लिहा

ग्रामीण रुग्णालयांत नवजात बाळांसाठी डिजिटल वजनकाटे असावेत, असे सांगणारा आपल्या अंकातील लेख वाचला. मागणी रास्तच आहे. मात्र घरी सोडतानाचे वजनही तितकेच महत्त्वाचे. जन्माचे वजन सगळीकडे लिहिले जाते, पेढे वाटतानाही तेच सांगतात. घरी जातानाचे वजन मात्र अनेकदा कार्डावर नसतेच.

पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरू शकते आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येते. तीन किलोचे बाळ पावणेतीनवर आले, तर लगेच घाबरण्याचे कारण नाही. पण जावळी-पाटणच्या एखाद्या वाडीवर तिसऱ्या किंवा सातव्या दिवशी झोळीचा काटा घेऊन पोहोचलेल्या आशाताईंपुढे जन्माचा एकच आकडा असेल, तर घट थांबली की सुरूच आहे, हे त्या कशावरून ठरवणार? घरातली आजी तर वरचे दूध पाजायला वाटी-चमचा घेऊन तयारच असते!

त्यात दुपटे, टोपी, ओला लंगोट यांसकट वजन केले, तर दोनेकशे ग्रॅमचा फरक सहज पडतो. अडीच किलोच्या आतले बाळ कमी वजनाचे धरतात. २४०० ग्रॅमचे बाळ कपड्यांमुळे ती रेषा ओलांडते आणि कागदावर ठणठणीत ठरते. काटा शून्यावर आणून, कपडे काढून केलेले वजन तारखेसह माता-बाल संरक्षण कार्डावर लिहायला दोन मिनिटे पुरतात. जिल्हा आरोग्य विभागाने ही नोंद सक्तीची करावी.

– एक निवृत्त परिचारिका, मेढा (जि. सातारा)