आरोग्यमंत्री साहेब, माझा लेक त्या दिवशी गाढ झोपला होता

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

साहेब, मी तालुक्याच्या गावात राहते, घरीच ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते. माझा मुलगा २ वर्षं १० महिन्यांचा आहे आणि अजून "आई" म्हणत नाही. तहान लागली की माझं मनगट धरून माठापाशी ओढत नेतो आणि माझा हात उचलून झाकणावर ठेवतो. तोंडातून फक्त "अं".

मागच्या मंगळवारी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात त्याची कानाची बेरा टेस्ट होती. तारीख तीन महिन्यांपूर्वी दिलेली, तीही हातापाया पडून. तुम्हाला कदाचित माहीत नसेल, या टेस्टला पोर झोपलेलं लागतं, डोक्याला वायरी लावतात, हललं की गेलं. म्हणून सांगितलेलं की रात्री उशिरा झोपवा, पहाटे उठवा, वाटेत डोळा लागू देऊ नका. ४ ला उठवला. एसटीत अडीच तास मी त्याला हलवतेय, तोंडावर पाणी मारतेय, तो रडतोय आणि बायका बघतायत की काय बाई आहे ही. पोचलो तर दाराला कुलूप, वर कागद, "मशीन बंद आहे". कधीपासून, कधीपर्यंत, काही नाही, खाली कुणाची सही पण नाही.

तिथंच बाकड्यावर बसले आणि तो खांद्यावर झोपला. असा गाढ की शेजारी स्ट्रेचर धाडकन आपटलं तरी हलला नाही. आता ते झोपेमुळं की कानामुळं, हेच तर तपासायला आले होते ना साहेब.

आणि हो, एसटीत बायकांना अर्धं तिकीट केलंत त्याबद्दल आभार. हेलपाटा निम्म्या किमतीत पडला.

माझी चूक पण सांगते, नाहीतर म्हणाल आईच बेफिकीर. सहा-सात महिने आम्ही घरातच घालवले. "मुलगे उशिराच बोलतात, ह्याचा बाप चार वर्षांनी बोलला" इथपासून सुरुवात, मग वेखंड उगाळून जिभेला लावलं, मग कुठून तरी पोपटाचा उष्टा पेरू आणला. मी गप्प खाऊ घातला. एका खाजगी डॉक्टरनं पण तीन वर्षं वाट बघा म्हटलं. आता कळतंय की वर्षाच्या आसपास पोरानं नावाला वळून बघायला हवं, टाटा करायला हवं, बोट दाखवून मागायला हवं, दीड वर्षापर्यंत अर्थ असलेले थोडे तरी शब्द, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून, म्हणजे "मम दे", "बाबा आले" असं. यातलं नसेल तर वाट बघायची नाही, आणि आलेले शब्द परत गेले तर कुठल्याही वयात लगेच दाखवायचं. आणि सगळ्यात आधी कान, कारण ऐकूच येत नसेल तर बोलेल कुठून? हे मला कुणी सांगितलं? तुमच्या खात्यानं नाही, ब्लाऊज शिवायला आलेल्या एका शिक्षिकेनं.

तुमच्या खात्याकडं खरं तर सगळं आहे, कागदावर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून. त्यात वाढ मागे पडणं, कमी ऐकू येणं, उशिरा बोलणं सगळं धरलंय, वर्षातून दोनदा अंगणवाडीत डॉक्टरांची गाडी येते, पोर संशयित वाटलं की जिल्ह्याच्या केंद्रात पाठवायचं. आमच्या अंगणवाडीत गाडी आली होती हो. वजन केलं, उंची केली, दंडाला पट्टी लावली, जंताची गोळी दिली. बोलतो का, कुणी विचारलं नाही. मीच सांगितलं तर मॅडम म्हणाल्या बघू पुढच्या वेळी, आणि पुढच्या वेळी मॅडमच बदललेल्या. त्यांचा राग नाही, त्या पण कंत्राटी, ११ महिन्यांच्या ऑर्डरवर, दरवर्षी नोकरी राहते का याच घोरात. स्पीच थेरपिस्टची, म्हणजे पोरांना बोलायला शिकवणाऱ्यांची, खुर्ची वर्षभर रिकामी आहे म्हणे, त्या पगारात कुणी येत नाही. पाटी मात्र आहे. पाटीला पगार लागत नाही.

एक हिशोब घातलाय, चुकला तर दुरुस्त करा. २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतची १ कोटी ३३ लाख पोरं होती (त्यानंतर तुम्ही लोकांनी मोजलीच नाहीत, तो वेगळा विषय). शंभरातली दोनच अशी अडलेली धरा, अडीच लाखाच्या वर जातात, ३६ जिल्ह्यांत वाटली तर जिल्ह्याला सात हजार. सात हजार पोरं, एक मशीन, आणि ते बंद.

खाजगीत जा म्हणतात. स्पीच थेरपीच्या एका बैठकीला ६००, आठवड्यातून दोनदा, म्हणजे महिन्याला ४८०० म्हणजे माझे ३२ ब्लाऊज, लग्नसराई नसताना. आणि कान तपासल्याशिवाय थेरपी नेमकी कोणती हेच ठरत नाही. उद्या खरंच ऐकू येत नाही असं निघालं तर कॉक्लिअर इम्प्लांटच्या (ऑपरेशन करून कानात बसवतात ते ऐकायचं यंत्र) सरकारी योजनेला वय पाच वर्षांच्या आत असण्याची अट आहे. म्हणजे पोराला मुदत आहे, तुमच्या टेंडरला नाही. दवाखान्याच्या भिंतीवर एवढं मोठं लिहिलंय "लवकर निदान, लवकर उपचार", लवकर आलं की म्हणता थांबा, आणि थांबून उशीर झाला की विचारता आधी का नाही आणलं. उद्घाटनाला मात्र एक दिवस उशीर होत नाही तुमच्याकडं, फीत कापायला सगळे हजर, मशीन दुरुस्त करायला कंपनीचा माणूस मुंबईहून यायचाय. पालकमंत्री येणार म्हणून त्याच दवाखान्याला मागे रंग दिला होता, तो अजून छान आहे, मी बघून आले.

मागणी फार नाही. मशीन चालू करा, रिकामी खुर्ची भरा, बाळंतपण झाल्यावर घरी सोडायच्या आधी बाळाचे कान तपासायला लावा. झोपलेल्या बाळाच्या कानात इअरफोनसारखं छोटं मऊ बोंड घालून दोन-चार मिनिटांत होतं म्हणे. माझ्या लेकाचं तेव्हाच झालं असतं तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

आम्हाला पुढची तारीख १७ दिलीय. १६ च्या रात्री त्याला परत जागं ठेवायचं की नाही एवढं तरी कुणाकडून कळवा. दवाखान्याचा फोन नुसता वाजतो, कुणी उचलत नाही.

एक आई