अकलोलीच्या कुंडावरच्या ताई-दादांचे आभार

वज्रेश्वरीचं दर्शन झाल्यावर आईला तानसा नदीकाठच्या अकलोलीच्या गरम कुंडांवर नेलं होतं. गुडघे शेकायची तिची जुनी हौस! शेवाळलेल्या पायरीवर तिचा पाय सटकला, तेव्हा दोन ताईंनी तिला दंडाला धरून अलगद सावरलं. "एकदम उतरू नका काकी, आधी पायांवर पाणी घ्या," म्हणत तांब्याने सोसवेल तसं ओतलंत. फार वेळ बसलं की घेरी येते, म्हणून वेळेवर बाहेरही काढलंत. चपला शोधून रिक्षापर्यंत आणून देणारे दादा, तुमचं तर नावही विचारायचं राहिलं. गंधकाच्या पाण्याने संधिवात जातो की नाही, ते डॉक्टर बघतील; आई मात्र जाम खूश आहे. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. पुन्हा भेटलात तर चहा आमच्याकडून!