पंचांनी सामना हिरावला, असे म्हणण्याआधी

प्रति,
मा. संपादक,

विषय : रग्बी सामन्यांचे निकाल आणि पंचांचे निर्णय

स.न.वि.वि.

रग्बीचा मोठा सामना एक-दोन गुणांनी संपला की क्रीडापानावर ‘पंचांमुळे पराभव’ असा सूर लागतो आणि पुढचे आठ दिवस वाचकांच्या पत्रांतही तोच चालू राहतो. पंच चुकतात, यात वाद नाही. त्यांच्या चुकीने निकाल फिरल्याचीही उदाहरणे आहेत. पण ज्या सामन्यांवरून सर्वांत जास्त गदारोळ होतो तिथे हा आरोप गुणांच्या हिशेबात बहुधा टिकत नाही. जिथे तो टिकेल, त्या आपल्या जिल्हा आणि विभाग पातळीवरच्या सामन्यांकडे मात्र कोणी ढुंकून पाहत नाही.

आधी २०२३ च्या विश्वचषकाचा पॅरिसमधला अंतिम सामना घेऊ, कारण अजूनही दाखला त्याचाच दिला जातो. दक्षिण आफ्रिका १२, न्यूझीलंड ११. पंच वेन बार्न्स. न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन याला आधी यलो कार्ड (काही मिनिटे मैदानाबाहेर) मिळाले आणि बंकरमधल्या, म्हणजे मैदानाबाहेर बसून चित्रफीत पाहणाऱ्या पंचाच्या, तपासणीनंतर ते रेड (उरलेला सामना बाहेर) झाले. आफ्रिकेचा कर्णधार सिया कोलिसी याचे कार्ड मात्र यलोच राहिले. एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा, ही तक्रार इथूनच सुरू झाली. दोन्ही कार्डे टॅकलसाठी, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून पाडण्यासाठी, होती आणि दोन्हींत डोक्याला धक्का लागला होता, हे खरे. पण नियम तिथेच थांबत नाही. धक्का थेट होता का, टॅकल करणारा ताठ उभा होता की वाकला होता, जोर किती होता, समोरचा अचानक खाली झुकला का, हे सगळे त्याच क्रमाने तपासले जाते. केन ताठ होता आणि धक्का थेट होता. कोलिसीच्या टॅकलमध्ये जोर कमी धरला गेला. यावर मतभेद होऊ शकतो, पण निकष दोघांना एकच लावला होता.

त्याच सामन्यात न्यूझीलंडच्या अॅरन स्मिथचा ट्राय (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून केलेले गुण) रद्द झाला. इथे तक्रारीला आधार आहे. लाइनआउटवर (कडेबाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये फेकून खेळ सुरू करताना) न्यूझीलंडच्याच आर्डी सवियाच्या हातून नॉक-ऑन झाला होता, म्हणजे चेंडू पुढे निसटला होता, हे चित्रफितीत दिसते. पण तेव्हाच्या नियमावलीनुसार टीएमओला (चित्रफीत पाहणारा सामना-अधिकारी) ट्रायच्या आधीच्या दोनच फेजपर्यंत (एका टॅकलपासून पुढच्या टॅकलपर्यंतचा खेळ) मागे जाता येत होते आणि हा नॉक-ऑन त्याच्याही आधीचा होता. म्हणजे घडलेली गोष्ट बरोबर पकडली, पण अधिकाराबाहेर जाऊन पकडली. खेळाडूला याचा राग येणे समजू शकते. मात्र पुढे थोड्याच वेळात न्यूझीलंडच्या बोडन बॅरेटने ट्राय केला आणि त्याचे कन्व्हर्जन (ट्रायनंतरची दोन गुणांची किक) हुकले. ते बसले असते तर ११ चे १३ झाले असते. ७३ व्या मिनिटाला याच बार्न्सने आफ्रिकेच्या चेस्लिन कोल्बेला मुद्दाम चेंडू पाडल्याबद्दल यलो कार्ड देऊन न्यूझीलंडला पेनल्टी (तीन गुणांच्या किकची संधी) दिली. जॉर्डी बॅरेटची ती लांबची किकही हुकली. एवढे सगळे वगळून पंचांनी चषक दिला म्हणणे अर्धवट आहे. या सामन्यानंतर बार्न्स आणि टीएमओ टॉम फोली या दोघांनाही गलिच्छ शिवीगाळ सोसावी लागली, फोली आंतरराष्ट्रीय पंचगिरीतून बाजूला झाले, आणि अशा अर्धवट मांडणीचा त्यात वाटा आहे.

२०११ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात वेल्सच्या सॅम वॉरबर्टनला पहिल्या वीस मिनिटांतच रेड कार्ड मिळाले. फ्रान्स ९, वेल्स ८. उचलून आडवे केलेल्या खेळाडूला हवेत सोडून दिले तर रेड कार्डच, ही सूचना पंचांना आधीपासून होती. ती पाळली गेली, एवढेच झाले. आणि वेल्सच्या ट्रायचे कन्व्हर्जन हुकले, तिथेच दोन गुण गेले.

खरी चूक पाहायची तर १८ ऑक्टोबर २०१५ चा, ट्विकेनहॅमचा स्कॉटलंड-ऑस्ट्रेलिया विश्वचषक उपांत्यपूर्व सामना पाहावा. स्कॉटलंड ३४-३२ ने पुढे, दोनच मिनिटे शिल्लक, आणि पंच क्रेग जूबेर यांनी स्कॉटलंडविरुद्ध ऑफसाइडची (चेंडूच्या पुढे राहून खेळल्याची) पेनल्टी दिली. बर्नार्ड फोलीने ती मारली, ऑस्ट्रेलिया ३५-३४ ने जिंकला. मध्ये ऑस्ट्रेलियाच्या निक फिप्सने चेंडूला हात लावला होता, त्यामुळे तिथे पेनल्टी नव्हतीच. ऑस्ट्रेलियाला स्क्रम (दोन्ही संघांच्या फळ्या भिडवून चेंडूसाठी होणारी रेटारेटी) मिळायला हवा होता, असे पुढे वर्ल्ड रग्बीनेच जाहीर केले. अशा निर्णयासाठी टीएमओकडे जाण्याची तेव्हा सोयही नव्हती. पंचाने निकाल फिरवला, हे वाक्य आम्ही या सामन्याबद्दल मान्य करतो. तरीही स्क्रम ऑस्ट्रेलियाचाच असता आणि तोही स्कॉटलंडच्या गोलरेषेपासून फार लांब नाही, हे विसरू नये. २००७ च्या विश्वचषकात कार्डिफमध्ये न्यूझीलंडविरुद्ध फ्रान्सच्या निर्णायक ट्रायआधीचा फॉरवर्ड पास (हाताने पुढे टाकलेला, म्हणून अवैध पास) पंचांच्या नजरेतून सुटला, तीही अशीच दुसरी चूक. फ्रान्स २० आणि न्यूझीलंड १८. आधी न्यूझीलंडच्या दुसऱ्या ट्रायचे कन्व्हर्जन बसले असते तर सामना २०-२० वर आला असता.

फॉरवर्ड पासबद्दल प्रेक्षकांचा एक गैरसमज फार पक्का आहे. चेंडू जमिनीवरच्या रेषेच्या पुढे गेला म्हणजे पास पुढे गेला, असे नाही. नियम हातातून चेंडू कोणत्या दिशेला सुटला ते पाहतो. खेळाडू सेकंदाला ७ मीटर वेगाने धावत असेल आणि त्याने चेंडू सेकंदाला २ मीटर वेगाने मागे टाकला, तरी जमिनीच्या हिशेबाने चेंडू ५ मीटर वेगाने पुढेच जातो. अर्ध्या सेकंदाच्या पासमध्ये तो अडीच मीटर पुढे पडेल आणि तरी तो पास पूर्ण वैध असेल. तिरक्या कोनातल्या कॅमेऱ्यातून हेच चित्र चोरीसारखे दिसते. पंचाने मनगट पाहायचे असते, प्रेक्षक २२ मीटरची रेषा पाहतात.

रकचे, म्हणजे पाडलेल्या खेळाडूजवळ जमिनीवरच्या चेंडूसाठी होणाऱ्या झटापटीचे, तर विचारूच नका. क्रिकेटमध्ये पायचीतच्या अपिलावर पंचाला एका चेंडूबद्दल एकच उत्तर द्यायचे असते. रकमध्ये दोन-तीन सेकंदांत पाच उत्तरे लागतात. टॅकल करणाऱ्याने पकड सोडून अंग बाजूला केले का? पडलेल्याने चेंडू लगेच सोडला का? चेंडूवर हात घालणारा स्वतःच्या पायांवर उभा आहे, की हात किंवा कोपर जमिनीला टेकवून तोल सांभाळतो आहे? मदतीला आलेले मागच्या बाजूने आले का, की कडेने घुसले? आणि बचावफळी रकमधल्या आपल्या शेवटच्या पायाच्या मागे आहे का? आंतरराष्ट्रीय सामन्यात असे रक दीडशेच्या वर होतात. प्रत्येकात काहीतरी दोष काढता येतो. सगळे दोष फुंकले तर ऐंशी मिनिटे शिट्टीच वाजत राहील. म्हणून पंच ज्याने चेंडूवर परिणाम झाला तेवढाच दोष धरतो, बाकी ‘रोल’ (बाजूला सरक), ‘हँड्स ऑफ’ (हात काढ) असे ओरडून खेळ चालू ठेवतो. ‘अमुक मिनिटाला त्यांचा दोष सोडला’ हे एकच दृश्य दाखवून पक्षपात सिद्ध होत नाही. तसाच दोष दोन्ही संघांचा सारख्याच जागी सोडला का, हे पाहावे लागते. पहिल्या दहा मिनिटांत पंच काय धरतो आणि काय सोडतो, हे ओळखून खेळ बदलणे हे कर्णधाराचे काम आहे. चांगले संघ ते करतात.

आता आपल्याकडचे. शालेय आणि राज्य पातळीवर आपण बहुधा सेव्हन्स, म्हणजे सात-सात खेळाडूंचा रग्बी, खेळतो. सात-सात मिनिटांचे दोन डाव, मैदान मात्र पंधरा खेळाडूंच्या खेळाएवढेच, सुमारे १०० बाय ७० मीटर. यलो कार्डची शिक्षा दोन मिनिटे, म्हणजे चौदा मिनिटांच्या सामन्याचा सातवा भाग, आणि तेवढा वेळ सहा जणांनी सत्तर मीटर रुंदी झाकायची. त्या दोन मिनिटांत एक ट्राय जवळपास धरूनच चालावे लागते. सामन्यात एका संघाच्या वाट्याला चेंडू मोजक्याच वेळा येतो, त्यातला एक चुकीच्या शिट्टीने गेला तर भरून काढायला वेळ उरत नाही. टीएमओ नाही, बंकर नाही, पंचाचा शब्द अखेरचा. आणि निकालावर बरेच काही टांगलेले असते. प्रमाणपत्रावर दहावी-बारावीचे क्रीडागुण मिळतात, पुढे शासकीय नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणासाठीही कोणत्या पातळीपर्यंत खेळलात हे पाहिले जाते. पॅरिसच्या अंतिम सामन्यापेक्षा नागपुरातल्या मानकापूरच्या क्रीडा संकुलातला किंवा एखाद्या शाळेच्या मैदानातला चौदा मिनिटांचा सामना पंचाच्या चुकीला कितीतरी जास्त उघडा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या चुका कुठून येतात हेही ठरलेले आहे. टच जज (कडेच्या रेषेवरचा पंच) म्हणून त्याच दोन संघांचा राखीव खेळाडू झेंडा घेऊन उभा केला जातो. तो चेंडू कुठे बाहेर गेला हेही धड सांगत नाही, आणि सांगितले तर समोरचा संघ विश्वास ठेवत नाही. गोलरेषेमागे कोणी नसते, त्यामुळे चेंडू रेषेवर टेकला की हातातून निसटला, हे वीस मीटर मागून धावत येणाऱ्या पंचाला अंदाजाने ठरवावे लागते. रकपासून पाच-सहा मीटरच्या आत पंच पोहोचला नाही तर त्याला फक्त पाठी दिसतात. आणि दिवसभरात लागोपाठ पाच-सहा सामने एकाच पंचाच्या गळ्यात मारले, तेही विदर्भाच्या उन्हात, तर तो तिसऱ्या सामन्यापासून मागेच राहणार. आपली काळी माती हा आणखी एक पंच समजा. उन्हाळ्यात ती इतकी टणक होते की बुटांचे स्टड रुतत नाहीत, पावसात पाय सरकतात, आणि दोन्ही वेळा स्क्रम कोसळतो. तिथे पहिल्यांदा पेनल्टी न देता स्क्रम पुन्हा लावावा, बूट पाहावेत, जागा दोन मीटर सरकवावी. मुद्दाम पाडला असेल तर दुसऱ्यांदा आपोआप कळते.

जिल्हा पातळीवर यावर होण्यासारखे बरेच आहे आणि त्याला फार पैसा लागत नाही. तिसऱ्याच संघाचे दोन टच जज आणि दोन्ही गोलरेषांमागे एकेक निरीक्षक, मिळून चार माणसे. सामन्याआधी दोन्ही कर्णधारांना आणि पुढच्या फळीतल्या खेळाडूंना एकत्र बोलावून पाच मिनिटे सूचना : स्क्रमचे तीन आदेश कोणत्या लयीत येतील, रकमध्ये पहिला इशारा कशाला. पंचाशी कर्णधारानेच बोलायचे, प्रशिक्षकाने रेषेबाहेरून नाही. एका पंचाला सलग दोनपेक्षा जास्त सामने नकोत. मैदानाच्या मध्यरेषेवर, गच्चीवर किंवा गॅलरीत, एक मोबाइल तिपाईवर ठेवून पूर्ण सामना चित्रित करावा. त्यावरून निकाल बदलायचा नाही, ते खेळालाही परवडणार नाही. संध्याकाळी पंच आणि दोन्ही प्रशिक्षकांनी मिळून तो पाहायचा.

आणि प्रत्येक पेनल्टीची नोंद हवी : मिनिट, संघ, खेळाडूचा क्रमांक, दोष, मैदानाचा भाग, आणि त्यानंतर चेंडू पुन्हा हातबदल होईपर्यंत किती गुण झाले. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. पंचाच्या चुकीची किंमत त्यातच कळते. अशा नोंदी एका हंगामाच्या साठल्या की एखादा पंच एकाच संघाला झुकते माप देतो का, किंवा एखाद्याला स्क्रम कळतच नाही का, हे कागदावर दिसेल. आज ते चहाच्या टपरीवर ठरते.

आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणी आहे. स्थानिक रग्बीच्या बातमीत गुणफलकासोबत तीन आकडे द्यावेत : दोन्ही संघांच्या पेनल्टी, दिलेली कार्डे आणि हुकलेली कन्व्हर्जन. पंचांवर टीका छापायची तर ती जरूर छापा, पण कोणत्या मिनिटाचा, कोणत्या नियमाचा निर्णय चुकला हे प्रशिक्षकाकडून विचारून घ्या. ही माहिती छापायला लागलात तर आमच्याकडून नोंदवहीचा नमुना पाठवू.

आपले,
रग्बीत पंचगिरी आणि प्रशिक्षण करणारे काही वाचक,
नागपूर