परवानगी पावसाआधी द्या, नोंदी हक्काने मागून घ्या

प्रति,
मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

पहिल्या जोरदार पावसात आंबोलीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, खळग्यांतून बोटभर पाणी साचते. 'आंबोली टोड' म्हणून ओळखला जाणारा भेक (झँथोफ्राइन टायगेरिना, शास्त्रीय वर्णन २००९) याच उथळ पाण्यात अंडी घालतो. जागतिक लाल यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. त्याच्या विणीची धांदल मोजक्या दिवसांत आटोपते. संशोधकाच्या हातात परवानगीपत्र जुलैअखेर पडले, तर त्या वर्षीची वीण गेली. पुढची संधी थेट पुढच्या पावसात.

आम्ही सह्याद्रीत पीएच.डी.चे किंवा त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतले काम करणारे जीवशास्त्रज्ञ आहोत. आमची मागणी एकच आहे, तिला बाजू दोन आहेत. परवानगी पावसाआधी द्या, आणि तिच्या बदल्यात आमच्याकडून सगळ्या नोंदी वापरता येतील अशा खुल्या स्वरूपात घ्या.

आधी वेळेचा हिशेब. संशोधन शिष्यवृत्ती पाच वर्षांची असते, दोन वर्षे कनिष्ठ आणि तीन वर्षे वरिष्ठ. पहिले वर्ष कोर्सवर्कमध्ये जाते, शेवटचे प्रबंधलेखनात. उरतात तीन पावसाळे. सड्यावरच्या कामाला तेवढे लागतातच, कारण एका वर्षाच्या आकड्यांवरून प्राणी कमी दिसले ते अधिवास बिघडल्यामुळे की त्या साली पाऊस उशिरा आल्यामुळे, हे सांगता येत नाही. तिघांतला एक पावसाळा हुकला की उरलेल्या दोघांची तुलनाही लंगडी पडते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अनुसूचीतला प्राणी पकडणे हेही 'शिकारी'च्या व्याख्येत येते, म्हणून संशोधनासाठी कलम १२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. अभयारण्यात पाऊल ठेवायचे तर कलम २८. ही व्यवस्था योग्यच आहे आणि ती सैल करा असे आम्ही म्हणत नाही. अडचण अशी की या कलमांत निर्णयाची मुदत नाही. वरची परवानगी मिळाल्यावर विभाग आणि परिक्षेत्र पातळीवर पुन्हा पत्रव्यवहार करावा लागतो. आंबोली सावंतवाडी वनविभागात, त्यापलीकडचा पूर्वेचा भाग कोल्हापूर वनविभागात, राधानगरी वन्यजीव शाखेकडे. एकाच बेडकाच्या अभ्यासाला तीन दारे आणि तिन्हींचे वेळापत्रक वेगळे.

शिवाय सगळे अर्ज एकाच मापाने मोजले जातात. रात्री टॉर्च आणि रेकॉर्डर घेऊन आवाज नोंदवणारा, भेकाच्या त्वचेवरून कापसाचा बोळा फिरवून त्याला जागीच सोडणारा, आणि संग्रहालयासाठी नमुना मारून ठेवणारा, या तिघांची जोखीम सारखी नाही. पहिल्या प्रकाराला विभागीय पातळीवर पंधरा दिवसांत होकार देता येईल. तिसऱ्याची छाननी कडक असावीच. दुसऱ्याला अटी घालाव्यात आणि त्या नेमक्या असाव्यात: प्रत्येक प्राण्यामागे नवा हातमोजा, एका पाणवठ्याहून दुसऱ्याकडे जाताना बूट आणि जाळी निर्जंतुक करणे. बेडकांना जीवघेणा त्वचारोग देणारी कायट्रिड बुरशी चिखलातून आणि ओल्या साधनांतून पसरते, म्हणून ही अट कागदावरची न राहता तपासली जावी.

आता नमुन्यांकडे वळतो, कारण उशिराची किंमत इथे कळते. डीएनएसाठी ऊतींचा तुकडा ९५ टक्क्यांहून तीव्र इथेनॉलमध्ये ठेवावा लागतो. ऊतीच्या निदान दहापट इथेनॉल घ्यावे आणि चोवीस तासांनी ते बदलावे, नाहीतर ऊतीतल्याच पाण्याने ते पातळ होते आणि डीएनए तुटायला लागतो. फॉर्मॅलिन चालत नाही. त्यात आकार टिकतो, पण डीएनएचे दुवे जखडले जातात. बाजारातले विकृत (पिता येऊ नये म्हणून भेसळ केलेले) स्पिरिटही भरवशाचे नाही. शुद्ध इथेनॉलसाठी उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, आणि ते ज्वालाग्राही म्हणून कुरिअरवाले नेत नाहीत. संशोधन परवानगी आधी कळली तरच या गोष्टी मे महिन्यात उरकता येतात. साधी वाटणारी एक चूक फार नुकसान करते: नळीवर मार्करने लिहिलेला क्रमांक इथेनॉल गळले की पुसला जातो. शिसपेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी नळीच्या आत टाकावी. क्रमांक नसलेल्या नमुन्याचा डीएनएतला अक्षरक्रम कितीही चांगला वाचला, तरी त्याचा उपयोग नाही.

प्रयोगशाळेत जात ओळखण्यासाठी माइटोकॉन्ड्रियाच्या १६एस जनुकाचा साधारण साडेपाचशे अक्षरांचा तुकडा दोन्ही दिशांनी वाचतात, टोकांची अस्पष्ट अक्षरे कापतात आणि जेनबँकसारख्या खुल्या संग्रहाशी ताडून बघतात. संगणक 'शंभर टक्के जुळणी' दाखवतो. पण ज्या जुन्या नोंदीशी जुळले तिचे नावच चुकीचे असेल, तर ती चूक नव्या नोंदीत उतरते आणि पुढे पसरते. चूक पकडायची तर मूळ प्राणी कोणत्या संग्रहालयात, कोणत्या क्रमांकाने ठेवला आहे आणि नेमका कुठून आणला, हे त्या नोंदीत हवे. अनेक नोंदींत जागा म्हणून नुसते 'भारत' किंवा 'पश्चिम घाट' असते. खुलेपणा म्हणजे फाइल नेटवर चढवणे एवढेच नव्हे, दुसऱ्याला तपासता येईल इतका तपशील देणे. संपूर्ण जनुकसंचाच्या कच्च्या फाइली तर कित्येक गिगाबाइटच्या असतात. पाठवताना अर्धवट तुटतात, म्हणून प्रत्येक फाइलसोबत तिची एमडी५ खूणही (फाइल जशीच्या तशी पोचली का हे तपासणारी अंकाक्षरांची ओळ) जपावी लागते. फरीदाबादचे भारतीय जैविक डेटा केंद्र २०२२ पासून अशा फाइली स्वीकारते आहे. साठवायची सोय देशात आहे. ती वापरण्याची अट परवानगीपत्रात घालता येईल.

आज परवानगीपत्रात अहवालाची प्रत जमा करण्याची अट असते, आणि ती प्रत बांधीव किंवा पीडीएफ स्वरूपात येते. पीडीएफमधल्या तक्त्यांतून पाच जणांच्या पाच वर्षांच्या नोंदी एकत्र करता येत नाहीत. त्याऐवजी साधी सीएसव्ही फाइल (कोणत्याही संगणकात उघडणारा, स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला तक्ता) मागा. एका ओळीत एकच नोंद, अक्षांश-रेखांश दशांशात आणि जीपीएस वापरते त्या डब्ल्यूजीएस ८४ मानकात, जीपीएसची चूक किती मीटर तेही सोबत. तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने. '०५-०७' ही पाच जुलै की सात मे, हे नंतर कोणीच ठरवू शकत नाही, आणि एक्सेल आपल्या मर्जीने तारखा बदलते. एक्सेल जनुकांच्या नावांच्याही तारखा करून टाकायचे, म्हणून २०२० मध्ये मानवी जनुकांची काही नावेच बदलावी लागली. जिथे शोधूनही काही सापडले नाही, तीही नोंद मागा. ती छापून येत नाही, पण प्राणी कुठून नाहीसा झाला हे तिच्यातूनच कळते.

सगळ्या जागा जगजाहीर करू नयेत, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. पाली, कोळी, ऑर्किड यांचे नेमके ठिकाण प्रसिद्ध झाले की तस्कर तिथे पोचतात. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर संकटग्रस्त जातींची जागा ०.२ अंशांच्या चौकोनात कुठेतरी दाखवतात, म्हणजे साधारण वीस-बावीस किलोमीटरची धूसरता. तशी दुहेरी पद्धत वन विभागाने ठेवावी: नेमका बिंदू खात्याकडे, धूसर बिंदू लोकांसाठी.

महोदय, या नोंदींची गरज सर्वांत आधी आपल्या खात्याला आहे. सातबारावर सडा बहुधा पोटखराबा (लागवडीस अयोग्य) म्हणून लागतो. खाण किंवा पवनचक्कीचा प्रस्ताव येतो तेव्हा त्या गट क्रमांकावर एकही नोंद नसेल, तर जागा रिकामी समजली जाते. उलट आंबोलीतच हिरण्यकेशी देवस्थानाच्या कुंडातल्या माशाचे, शिस्टुरा हिरण्यकेशीचे, वर्णन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०२१ मध्ये शासनाने ती जागा जैविक वारसा स्थळ जाहीर केली. नेमकी, तपासता येणारी माहिती समोर होती म्हणून निर्णय एवढ्या लवकर होऊ शकला.

म्हणून आमची सूचना अशी. अर्जांची अंतिम तारीख ३१ जानेवारी ठेवावी आणि निर्णय १५ एप्रिलपर्यंत द्यावा. नकार असेल तर कारणासह द्यावा. परवानगी तीन वर्षांची आणि अर्जात लिहिलेल्या सर्व वनविभागांना लागू असावी. दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत नोंदींची फाइल जमा झाली नाही, तर पुढच्या वर्षीची परवानगी आपोआप थांबावी. तरुण संशोधकाचा शोधनिबंध आधी यावा म्हणून त्या नोंदी दोन वर्षे बंद ठेवाव्यात, त्यानंतर खुल्या कराव्यात. जमा होणाऱ्या प्रत्येक जनुकक्रमाच्या नोंदीत परवानगीचा क्रमांक असावा. आणि या फाइली तपासायला खात्यात एक पूर्णवेळ माणूस नेमावा. त्याच्याशिवाय वरची एकही अट टिकणार नाही.

नोंदींसाठी चौदा रकान्यांचा नमुना तक्ता आणि तो मराठीत भरण्याच्या सूचना सोबत जोडल्या आहेत. यंदाच्या अर्जांपासून एका वनविभागात तो वापरून पाहावा. भरताना अडचण आली, तर त्या विभागात येऊन वनरक्षकांसोबत बसायची आमची तयारी आहे.

आपले,
सह्याद्रीत काम करणारे काही जीवशास्त्रज्ञ