साठ इंची बकेटचा हट्ट सोड

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

ट्रॅक्टरच्या पुढे बसवायच्या लोडरचा, म्हणजे माती-खत उचलणाऱ्या बकेटच्या जोडणीचा, कागद आणि तू घेतलेली मापं मिळाली. ४८ इंच रुंदीची बकेट की ६० इंचाची, या प्रश्नावर माझं उत्तर ४८ आहे. तू लगेच "मोठी घेतली तर फेऱ्या वाचतील" म्हणणार, म्हणून हिशोबच मांडतो.

कागदावर उचल ४५० किलो लिहिली आहे, पण ती पिनवरची. बकेट जिथे लोडरच्या दोन लोखंडी हातांना जोडलेली असते तिथे. माल काही पिनवर बसत नाही, त्याचा भार पिनच्या फूटभर पुढे पडतो. त्यासाठी चांगले शंभर किलो वजा कर आणि ३५० धर. बकेटचं स्वतःचं वजनही यातूनच जातं. ४८ इंची साधारण ८० किलो भरेल, ६० इंची १००. म्हणजे मालासाठी उरले २७० आणि २५०. बकेट मोठी घेतली की माल कमी उचलायचा, असा हा उलटा व्यवहार आहे.

आता माल बघ. तुझ्याकडच्या मापाची ४८ इंची बकेट काठोकाठ भरली तर १७० लिटर घेते, ढीग लावला तर २००. साठ इंचीत हेच २१२ आणि २५०. सुटा मुरूम लिटरला १.६ किलो धर. छोटीत काठोकाठ मुरूम २७२ किलो झाला, म्हणजे जेमतेम बसला. मोठीत ३४० झाला, तोही ढीग न लावता. ओली वाळू लिटरला दोन किलोच्या आसपास जाते, तिला तर छोटी बकेटही पाऊणच भरायची. कुजलेलं शेणखत मात्र ०.७ ने धरलं तर मोठीत ढीग लावूनही १७५ किलोच होतं. तेव्हा ६० इंचीचा उपयोग फक्त खतापुरता. तुझ्या उकिरड्यातल्या खतात ओल किती आहे यावर हा आकडा बराच हलतो. दहा लिटरची बादली भरून काट्यावर ठेव, रिकाम्या बादलीचं वजन वजा कर आणि दहाने भाग. पाच मिनिटांचं काम आहे.

फेऱ्यांचंही ऐक. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २८३० लिटर. ढीग लावून खत भरलं तर छोटीच्या १४-१५ फेऱ्या होतात, मोठीच्या ११-१२. फेरीला मिनिट धरलं तर ट्रॉलीमागे तीन मिनिटं वाचली. त्यासाठी पुढचा एक्सल कशाला पणाला लावायचा?

रुंदीचा नियम सोपा आहे. मागच्या टायरांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोज. तुझं ४४ इंच आहे. बकेट दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच जास्त हवी, म्हणजे टायर साफ केलेल्या जागेवरून चालतात. बकेट टायरपेक्षा अरुंद असली तर एक चाक ढिगावर चढतं आणि भरलेली बकेट तिरकी होते. फार रुंद असली तर कोपरा दगडाला किंवा बांधाला अडकतो, सगळा जोर एकाच हातावर येतो आणि हात पिळला जातो. पिळलेला हात गरम करून सरळ केला तरी पिना पुन्हा नीट एका रेषेत येत नाहीत. द्राक्षाच्या ओळीत साठ इंची वळवताना खांबांचं काय होईल, ते तूच सांग.

बकेटच्या तळाची पुढे-मागे लांबी कुणी विचारत नाही, आणि घोळ तिथेच होतो. ट्रॉलीवर ओतताना बकेट ४५ अंशात वाकते आणि तिची कड खाली येते. तुझ्या पिनची उंची १९०० मिमी आहे. तळ ५०० मिमीचा असेल तर कड अंदाजे ३५० ने खाली येऊन १५५० वर राहील. तळ ६५० चा असेल तर १४४० वर. तुझ्या ट्रॉलीचा फाळका १४५० आहे! शिवाय लांब तळाने भार आणखी पुढे जातो आणि ढिगात घुसून उचकटण्याचा जोर कमी होतो.

फॅब्रिकेशनवाला "आठ मिलिमीटरची प्लेट लावतो, कधी वाकणार नाही" म्हणेल. नको म्हण. या मापात प्लेटच्या दर मिलिमीटरला साधारण १५ किलो वाढतात. अंग ५ मिमीचं पुरे, फक्त पुढचं पातं जाड आणि कठीण पोलादाचं, बोल्टने बसवलेलं घे. झिजलं की उलटं करून लावता येतं. त्याला आणखी एक गोष्ट बजावून सांग: लोडरची चौकट मागच्या एक्सलपर्यंत गेलीच पाहिजे. नुसती क्लचच्या बेलहाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या आवरणाच्या, बोल्टांवर टांगली तर पुढेमागे बेलहाउसिंगलाच तडा जातो.

मागे वजन लावल्याशिवाय पहिली बकेटही उचलू नकोस. २०० लिटरचा ड्रम अर्धा काँक्रीटने भरलास तर २४० किलो होतात. भरण्याआधी त्यात ट्रॅक्टरमागे अवजार जोडायच्या खालच्या लिंकांसाठी आडवी पिन आणि वरच्या लिंकसाठी पट्टी बसव. टायरमध्ये पाणी भरलं तर मागची चाकं दबतात, पण पुढच्या एक्सलवरचा भार कमी होत नाही. तो कमी होतो मागच्या एक्सलच्याही मागे टांगलेल्या वजनाने. भार जास्त होतोय हे आधी जड स्टिअरिंग सांगतं, मग पुढच्या हबचे ऑइल सील गळायला लागतात. त्या वेळी कुणी रिलीफ व्हॉल्व्ह (हायड्रॉलिक तेलाचा दाब मर्यादेत ठेवणारा) आवळून प्रेशर वाढवायला सांगितलं तर त्याला चहा पाजून वाटेला लाव. त्याने उचल वाढेल, हातांची ताकद वाढणार नाही. भरलेली बकेट नेताना गुडघ्याच्या खालीच ठेव आणि फोर व्हील लावलेलं असू दे, म्हणजे उतारावर ब्रेक चारही चाकांना मिळतो.

पुढे खताचं काम वाढलं तर त्याच पिनांवर बसणारा दात्यांचा काटा वेगळा करून घे. ऑर्डर देण्याआधी पिनांचा व्यास आणि दोन पिनांमधलं अंतर मोजून कळव, मी आकृती काढून पाठवतो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विलास