हिमालयात मुले पाठवताना घड्याळाची अट घाला

माननीय क्रीडा व युवा व्यवहार मंत्री, गोवा राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

परीक्षा आटोपल्या की कॉलेजांचे गट मडगावहून संपर्क क्रांतीने चंदीगड गाठतात आणि मनालीकडे वळतात. थंडी सरली म्हणजे धोका सरला, असे पालक धरून चालतात. बर्फाचा हिशेब उलटा असतो: ऊन वाढते तसा हिमस्खलनाचा धोका वाढतो.

निरभ्र रात्री बर्फ वरून गोठतो; पहाटे त्यावर बुटाचा नुसता ठसा उमटतो. ऊन चढले की दाणे सुटे होतात, आगरातल्या ओल्या जाड्या मिठासारखे. वितळलेले पाणी झिरपत खालच्या कठीण थरावर अडते आणि वरचा थर तिथूनच सुटतो. 30 ते 45 अंशांचे उतार यात सर्वांत घातकी. आधी पूर्वेकडचे सुटतात, मग दक्षिणेचे, दुपारनंतर पश्चिमेचे. ढगाळ रात्र मात्र खरी फसवी: बर्फ गोठतच नाही, मग पहाटे निघूनही उपयोग नाही. 4 एप्रिल 2023 रोजी सिक्कीममधल्या नथुलाच्या रस्त्यावर पंधराव्या मैलाजवळ हिमस्खलनात 7 पर्यटक दगावले, तेही भर दिवसा, गाडीरस्त्यालगत.

बंदी नकोच. परवानगीच्या अर्जाला एक पान जोडा: कोणत्या दिवशी कोणत्या दिशेचा उतार, आणि ऊन लागण्याआधी तो किती वाजता पार होणार. चंदीगडच्याच डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचे हिमस्खलन अंदाज निघतात. गटप्रमुखाने ते आदल्या संध्याकाळी वाचल्याची सही हवी. बूट घोट्याच्या वर रुतू लागला किंवा बर्फाचे गोळे आपसूक गडगडू लागले, की माघार. तिथे मतदान नको.

असे उतार ओलांडणाऱ्या प्रत्येकाकडे 457 किलोहर्ट्झचा ट्रान्सिव्हर (गाडलेल्याचा माग काढण्यासाठी संकेत सोडणारे आणि पकडणारे यंत्र), किमान 240 सेंटिमीटरची शोधकाठी आणि धातूच्या पात्याचे फावडे हवे. एकट्या गाइडकडे यंत्र असेल तर तो शोधणार कोणाचा आवाज? गाडलेला माणूस साधारण 15 मिनिटांत निघाला तर वाचायची आशा मोठी. अर्ध्या तासाने फारच थोडी. बाहेरचे पथक तेवढ्यात पोचत नाही, सोबत्यांनीच खणायचे असते. गाडलेल्याला काठी लागली की ती तशीच रोवून ठेवायची आणि उताराच्या खालच्या अंगाने आत शिरत खणायचे. नेमके वर उभे राहून खणले तर त्याच्या तोंडापुढची श्वासापुरती पोकळी आपल्याच वजनाने दबते.

सरावाला बर्फ लागत नाही. ट्रान्सिव्हर चालू करून पिशवीत घालायचा, मिरामारला भरतीरेषेच्या वर कोरड्या वाळूत पुरायचा आणि मुलांना शोधायला लावायचे. खात्याने असे 12 संच घेऊन गटांना आळीपाळीने द्यावेत, आणि वाळूत 10 मिनिटांच्या आत यंत्र न सापडणाऱ्या गटाला बर्फाचा मार्ग मंजूर करू नये.

आपले,
गोव्यातील पदभ्रमण मार्गदर्शक