ओंकारचं स्केटिंग थांबवू नकोस

हेरेनवेन, नेदरलँड्स, 6 मार्च 2022

प्रिय दादा आणि वहिनी,
नमस्कार.

दहावीचं वर्ष आलं की ओंकारचं स्केटिंग बंद करायचं, असं तू परवा म्हणालास. शिवाय पुण्यात बर्फ कुठला, चाकांवर पळून पुढे काय होणार, हेही. फोनवर ते नीट बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

हा सगळा हिवाळा मी बर्फावरच्या स्पीड स्केटिंगमधल्या पुरुषांच्या ‘मास स्टार्ट’ शर्यतींच्या मागे होते. नोव्हेंबरात पोलंडमध्ये वर्ल्ड कप सुरू झाला, मग स्टाव्हांगर, सॉल्ट लेक सिटी, कॅलगरी आणि फेब्रुवारीत बीजिंगचं ऑलिंपिक. स्पीड स्केटिंगच्या इतर बहुतेक शर्यतींत दोघं दोघं आपापल्या लेनमध्ये घड्याळाशी झुंजतात. इथे मात्र अख्खा घोळका एकदम सुटतो आणि 400 मीटरच्या ट्रॅकला 16 फेऱ्या मारतो. डोक्यावर हेल्मेट, हातात न कापले जाणारे मोजे, पात्यांची टोकं घासून गोल केलेली. चौथ्या, आठव्या आणि बाराव्या फेरीला पहिल्या तिघांना 3, 2, 1 गुण मिळतात. शेवटची रेषा पहिला ओलांडणाऱ्याला थेट 60, पुढच्या दोघांना 40 आणि 20. म्हणजे पदकं शेवटच्या झेपेवरच ठरतात.

तोवर दम राखायचा. सगळ्यात पुढचा हवा कापत जातो आणि मागचे त्याच्या आडोशाने कमी कष्टात पळतात. 2018 च्या प्यॉन्गचांग ऑलिंपिकमध्ये कोरियाचा चुंग जे-वॉन अवघा 16 वर्षांचा होता. त्याने बराच वेळ पुढे राहून घोळका ओढला, आणि त्याचा ज्येष्ठ सहकारी ली स्युंग-हून शेवटी मुसंडी मारून सुवर्ण घेऊन गेला. चुंग आठवा आला. या वर्षी बीजिंगला तोच चुंग दुसरा आणि ली तिसरा. ते पाहताना मला फार भरून आलं, दादा. इतक्या लहान वयात दुसऱ्यासाठी पळायला किती मोठं मन लागतं!

आता मुद्द्याचं. बीजिंगचं सुवर्ण बेल्जियमच्या बार्ट स्विंग्सने जिंकलं. 1948 नंतर त्या देशाला हिवाळी ऑलिंपिकचं सुवर्ण मिळालेलं नव्हतं. हा स्विंग्स मुळात इनलाइन स्केटर, चाकांवर जगज्जेता झालेला. अगदी थोडक्यात चौथा राहिलेला अमेरिकेचा जोई मँटिया, बर्फावर मास स्टार्टचा तीनदा विश्वविजेता, तोही चाकांवरूनच आलेला. यात नवल नाही. चाकांच्या शर्यती घोळक्यातच होतात. कोणाच्या मागे राहायचं, कोपराला कोपर लागला तरी तोल कसा धरायचा, कधी सुटायचं, हे तिथेच अंगात मुरतं. ओंकार आज तेच शिकतो आहे.

तो ऑलिंपिकला जाईल असं मी म्हणत नाही. पण बर्फ नाही म्हणून त्याची मेहनत वाया चालली आहे, हे मला अजिबात पटत नाही. दहावीत रोजचा सराव नको, मान्य. रविवारचा तरी राहू दे.

येत्या शनिवार-रविवारी इथे तिआल्फ या स्केटिंगच्या स्टेडियममध्ये वर्ल्ड कपची अंतिम फेरी आहे. तिकीट काढलं आहे. ओंकारला जमलं तर व्हिडिओ कॉल करेन, त्याला जागा ठेवायला सांग. मे महिन्यात येताना त्याच्यासाठी चाकं आणते, किती मिलिमीटरची लागतात ते विचारून कळव. आईचा गुडघा कसा आहे तेही लिही.

तुझी,
मीनल